दुसऱ्याच्या चेहऱ्यात आपलं मन

‘काय, बरं आहे ना?’ असं कुणी विचारलं की आपण ‘हो, बरंय’ म्हणून मोकळे होतो. सुखसमाधान मोजू पाहणाऱ्यांची खरी अडचण हीच. मानसशास्त्रज्ञ एड डीनर आणि सहकाऱ्यांची आयुष्याबद्दलचं समाधान मोजणारी १९८५ मधली पाच विधानांची प्रश्नावली आजही जगभर वापरली जाते, पण तिथेही माणसाच्या स्वतःच्या शब्दावरच भिस्त ठेवावी लागते. न विचारता, नुसते चेहरे दाखवून ते कसे वाचले जातात यावरून मनाचा अंदाज घेण्याची एक वाट मात्र त्याआधीच, नकळत, सुरू झाली होती.

फ्रेंच डॉक्टर द्युशेन यांनी चेहऱ्याच्या संवेदना हरपलेल्या एका दात पडलेल्या म्हाताऱ्याच्या स्नायूंना विजेचे हलके झटके देऊन हसू, भीती, दुःख उमटवलं आणि १८६२ मध्ये ती छायाचित्रं प्रसिद्ध केली. डार्विनने ती वीसेक जणांना, भावनेचं नाव न सांगता दाखवली. काही चित्रांवर सगळ्यांचं एकमत झालं, काहींवर अजिबात नाही. चित्रांसोबतचं स्पष्टीकरण वाचलं नसतं तर आपणही गोंधळलो असतो, असं त्याने १८७२ च्या ग्रंथात प्रांजळपणे लिहिलं. पाहणाराही चित्रात काही भर घालतो, हे त्याला दिसलं होतं. मला या इतिहासातला सर्वांत मोलाचा क्षण हाच वाटतो.

पुढे १९७६ मध्ये मानसशास्त्रज्ञ एकमन आणि फ्रिझन यांनी भावदर्शक चेहऱ्यांचा कृष्णधवल छायाचित्रसंच काढला आणि सगळ्या प्रयोगशाळांना एकच माप मिळालं. १९९२ मध्ये संशोधक रूबेन गर यांच्या गटाला आढळलं की नैराश्यातल्या माणसांना निर्विकार चेहरा दुःखी वाटतो आणि आनंदी चेहरा निर्विकार.

ऑक्सफर्डच्या संशोधक कॅथरिन हार्मर यांनी हे माप आणखी बारीक केलं. निर्विकार चेहऱ्यात दहा-दहा टक्क्यांनी आनंद मिसळत न्यायचा, प्रत्येक चेहरा जेमतेम अर्धा सेकंद दाखवायचा आणि कितव्या पायरीला तो ओळखला जातो ते पाहायचं. २००९ च्या त्यांच्या अभ्यासात नैराश्याच्या रुग्णांना नैराश्यावरच्या औषधाचा एकच डोस दिला. ‘बरं वाटतंय’ असं कुणी म्हणालं नाही, पण आनंदी चेहरे मात्र जास्त ओळखू येऊ लागले होते.

अर्थात हा पुरावा मुख्यतः आजारपणातला आहे. निरोगी माणसाचं सुख एवढ्यावरून मोजता येतं असं म्हणणं मला घाईचं वाटतं. शिवाय चेहरे कुणाचे, हाही प्रश्न उरतो. बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेतल्या संशोधकांनी त्यासाठी भारतीय कलाकारांचे चेहरे घेऊन वेगळी चाचणी बनवली. तिच्यात स्थिर छायाचित्रांबरोबर हलती दृश्यंही आहेत.