टेबलावरचं विमान खरं कसं होत गेलं

घरच्या कॉम्प्युटरवर सेसना हे छोटं विमान उडवायला घेतलेल्या प्रत्येकाला एक गोष्ट पहिल्या आठवड्यातच खटकते. विमान वर चढतंय, नाक वर राहावं म्हणून दांडी मागे ओढून धरावी लागतेय, तेव्हा ट्रिमचं चाक फिरवायचं. खऱ्या विमानात चाक फिरवत गेलं की हातावरचा दाब ओसरत जातो. दाब संपला की ट्रिम बसला. घरच्या जॉयस्टिकमध्ये असते साधी स्प्रिंग, आणि तिला ट्रिमशी काही देणंघेणं नसतं. आपणच दांडी थोडी थोडी सोडत मधोमध आणायची आणि नाक जागेवर आहे ना, हे काट्यांकडे बघून ठरवायचं. हाताला कळायचं ते डोळ्यांनी शोधायचं. सिम्युलेशन ‘खरं’ करण्याची सगळी धडपड मला या एका अडचणीभोवती फिरताना दिसते.

सुरुवातीच्या सिम्युलेटरमध्ये तर बाहेर बघायची सोयच नव्हती. न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टनमध्ये एडविन लिंकच्या वडिलांचा पियानो आणि ऑर्गन बनवण्याचा कारखाना होता. विमान शिकणं फार महाग होतं, म्हणून या मुलाने 1929 साली ऑर्गनचेच भाते आणि झडपा वापरून एक ठेंगणं लाकडी विमान केलं. पेटीचा भाता ज्याने हाताने चालवलाय त्याला हे चटकन कळेल: एका भात्यात हवा भरली, दुसऱ्यातली काढली की विमान कलतं. सुरुवातीला ही यंत्रं जत्रेतल्या पाळण्यासारखी करमणुकीच्या बागांत विकली गेली. 1934 साली अमेरिकी लष्कराकडे हवाई टपालाचं काम आलं आणि खराब हवेत वैमानिक पटापट मरू लागले. तेव्हा न्यूअर्कला लष्करी अधिकाऱ्यांना भेटायला लिंक स्वतः दाट धुक्यातून, केवळ काट्यांच्या भरवशावर विमान घेऊन उतरला. लष्कराने प्रत्येकी 3,500 डॉलरला सहा यंत्रं घेतली. दुसऱ्या महायुद्धात पाच लाखांच्या आसपास लोक या निळ्या पेटीत बसून शिकले. पेटीवर झाकण लावायचं, कारण ढगात कानातला तोल फसवतो. शरीर सांगतं सरळ चाललोय, आणि विमान वळत खाली जात असतं. शरीराचं ऐकू नका, काट्यांचं ऐका, एवढंच ती पेटी शिकवायची.

घरगुती कॉम्प्युटरने नेमकी उलटी सुरुवात केली, ती चित्रापासून. इलिनॉय विद्यापीठात ब्रूस आर्टविकने 1975 साली कॉम्प्युटरवर उड्डाणाचं हलतं दृश्य काढण्यावर प्रबंध लिहिला, पुढे सबलॉजिक ही कंपनी काढली आणि 1980च्या सुरुवातीला ॲपल टूसाठी पहिला फ्लाइट सिम्युलेटर बाजारात आणला. त्यातली सारी पृथ्वी म्हणजे सहा गुणिले सहा, असे छत्तीस चौकोन. जमीन म्हणजे रेषा आणि डोंगर म्हणजे रेषांचे त्रिकोण. तरीही दांडी कलवली की क्षितिज कलतं, हे लोकांनी घरात बसून पहिल्यांदा पाहिलं. 1982 साली मायक्रोसॉफ्टने तो आयबीएम पीसीवर आणला, आणि ‘आमचा कॉम्प्युटर अगदी आयबीएमसारखाच’ म्हणणाऱ्या कंपन्यांची परीक्षा लोक या खेळावर घेऊ लागले. तो चालला तर मशीन खरं.

ती आवृत्ती सुरू केली की विमान शिकागोच्या मेग्ज फील्डवर उभं असायचं, तळ्याकाठच्या एकुलत्या एका धावपट्टीवर. पुढे जवळजवळ वीस वर्षं हेच घरगुती वैमानिकांचं माहेर होतं. 30 मार्च 2003च्या रात्री शिकागोच्या महापौरांनी बुलडोझर पाठवून त्या धावपट्टीवर भल्यामोठ्या फुल्या खणल्या आणि विमानतळ कायमचा गेला. शिकागो कधीही न पाहिलेल्या माणसांना जगभर त्याचं वाईट वाटलं. मला हे साहजिक वाटतं. शेकडो वेळा जिथून उडालो ती जागा परकी कशी राहील?

चित्राची सुधारणा पुढे होतच राहिली. 1993च्या पाचव्या आवृत्तीत जमिनीला फोटोंसारखा पोत आला. तोवर मैदानं सपाट हिरवी असायची. पण आपल्याकडच्या लोकांसाठी खरी अडचण होती ती उंचीची. 1996 साली अमेरिकेच्या भूशास्त्र संस्थेने साऱ्या जगाच्या उंचीचा नकाशा पुरा केला, त्यात साधारण दर किलोमीटरला एक आकडा. आता हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा मनात आणा. माथा आणि पायथा यांच्यात आडवं अंतर जेमतेम, आणि नोंद किलोमीटरला एक. अशा नोंदींवर कडा उभा राहूच शकत नाही, त्याची उतरण होते. सह्याद्री म्हणजे ओल्या वाळूवरून हात फिरवल्यासारख्या लाटा. मग फेब्रुवारी 2000मध्ये एन्डेव्हर हे अवकाशयान अकरा दिवस रडारने पृथ्वी मोजत फिरलं. उत्तरेला 60 अंशांपासून दक्षिणेला 56 अंशांपर्यंतची जमीन त्यात आली, आणि भारतासारख्या देशांची साधारण नव्वद मीटरची मापं सगळ्यांना फुकट मिळाली. हौशी लोकांनी त्यातून जमिनीची जाळी विणली आणि घाटांना घाटपण आलं. अगदी उभ्या कड्यांच्या आड रडारच्या सावलीत भोकं राहिली होती, तीही लोकांनी एकेक करून बुजवली. या कामाचे त्यांना कुणी पैसे दिले नव्हते, म्हणून मला ते फार मोठं वाटतं.

दिसणं सुधारलं तरी उडणं वेगळंच राहिलं. जुन्या पद्धतीत विमानाचं वागणं तक्त्यांतून यायचं: इतका वेग, इतका कोन, म्हणून इतकी उचल. नेहमीच्या उड्डाणाला हे चालून जायचं, पण स्टॉल (पंखांची उचल अचानक जाणं) किंवा स्पिनमध्ये (गरगरत खाली पडताना) विमान खोटं वागायचं. 1995च्या सुमारास ऑस्टिन मेयर या वैमानिकाने एक्स-प्लेन या आपल्या सिम्युलेटरमध्ये दुसरी वाट धरली. पंखाचे लहान लहान तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्यावर हवेचं बळ किती हे सेकंदाला अनेकदा मोजायचं आणि बेरजेतून विमान हलवायचं. त्यामुळे एका पंखाने आधी साथ सोडली तर विमान त्या बाजूला पडतं, कुणी तसं लिहून ठेवलेलं नसतानाही. 2020 साली फ्रान्सच्या असोबो स्टुडिओने केलेल्या नव्या मायक्रोसॉफ्ट सिम्युलेटरनेही विमानाचे हजाराहून अधिक तुकडे मोजायला घेतले. त्याच आवृत्तीत नकाशांचे दोन पेटाबाइट इंटरनेटवरून येऊ लागले, आणि हवामान स्वित्झर्लंडच्या बासेलमधल्या मेटिओब्लू या कंपनीकडून. जुलैच्या दुपारी सांताक्रूझवर खरोखर पाऊस असेल तर तुमच्या टेबलावरच्या रनवे 27वरही ढग खाली येतात.

माणसांचा आवाज त्याच्याही आधी आला होता. 2001 साली सुरू झालेल्या व्हॅटसिम या इंटरनेटवरच्या जाळ्यावर स्वयंसेवक खऱ्या शब्दांत, खऱ्या शिस्तीने हवाई नियंत्रण करतात. पहिल्यांदा माइकचं बटण दाबून मुंबईला उतरण्याची मिळालेली परवानगी परत वाचून दाखवताना माझे तळहात घामेजले होते, समोर फक्त एक स्क्रीन होता तरी. चित्र कितीही सुंदर असलं तरी त्याने असा घाम फुटत नाही.

उरला तो हात. 1997 साली मायक्रोसॉफ्टनेच फोर्स फीडबॅकची जॉयस्टिक काढली होती, आत मोटारी असलेली. वेग वाढला की दांडी जड होई, स्टॉलच्या आधी थरथरे. काही वर्षांत कंपनीने ती बंद केली आणि बहुतेक टेबलांवर परत स्प्रिंग आली. मग लोकांनी स्वतःच कॉकपिट बांधायला घेतलं. भंगारात निघालेल्या बोइंग 737चं पॅनेल आणायचं, एकेका स्विचची वायर आर्डुइनो या छोट्या इलेक्ट्रॉनिक बोर्डाला सोल्डर करायची, आणि ‘कोल्ड अँड डार्क’, म्हणजे बॅटरीही बंद असलेल्या विमानापासून सुरुवात करून चेकलिस्टप्रमाणे ते जागं करायचं. खरा टॉगल स्विच वर ढकलताना जो खटका बसतो तो माउसच्या क्लिकला येत नाही, एवढ्यासाठी लोक महिनोन् महिने खपतात.

अमेरिकेच्या विमान प्राधिकरणाने 2016च्या नियमाने मान्यताप्राप्त टेबलावरच्या सिम्युलेटरचे तास इन्स्ट्रुमेंट रेटिंगसाठी, म्हणजे काट्यांवर उडण्याच्या परवान्यासाठी, धरायला मुभा दिली, साध्या प्रकाराला 10 आणि प्रगत प्रकाराला 20 तास. त्यासाठी सामग्रीही मंजूर लागते, नुसतं सॉफ्टवेअर चालत नाही. यातली कित्येक यंत्रं जराही हलत नाहीत. ढगात काट्यांवर उडायला शिकताना ती न हलणं फारसं आड येत नाही, कारण तिथे शरीराचं ऐकायचंच नसतं. ट्रिमचं मात्र तसं नाही. स्वित्झर्लंडच्या ब्रुनरसारख्या कंपन्या आज मोटारीचे योक (विमान चालवायचं हँडल) विकतात. त्यांत ट्रिम फिरवला की दाब खरंच ओसरतो, पण किंमत चांगल्या कॉम्प्युटरच्या घरात जाते. बाकीचे आम्ही अजून उंचीच्या काट्यावर डोळा ठेवून, दांडी केसभर केसभर सोडत मधोमध आणतो.