काचेतली मानस

चवथीला म्हापशाहून मित्र आला, तो बुटांच्या खोक्यात कापूस घालून व्हॉल्व्ह, म्हणजे जुन्या रेडिओतल्या काचेच्या नळ्या, घेऊनच. त्याच्या वडिलांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, ते बंद झालं तेव्हा उरलेला हा माल. मी घरी बनवलेल्या हेडफोन अ‍ॅम्प्लिफायरमधला व्हॉल्व्ह काढून त्यानं खोक्यातला एक बसवला, दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाला, "बघ, आवाज कसा मोकळा झाला! जुन्या व्हॉल्व्हची गोष्टच वेगळी रे." फरक मलाही ऐकू आला. पण त्याचं कारण जुनेपणात नव्हतं, आणि खरं कारण इतकं देखणं आहे की ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

काढलेला व्हॉल्व्ह होता ईसीसी ८२, बसवलेला ईसीसी ८१. दोघांच्या नऊ पिना एकाच सॉकेटमध्ये बसतात, दोघांचा हीटर १२.६ व्होल्टवर १५० मिलिअँपिअर घेतो. बाहेरून जुळे भाऊ. फरक आहे तो काचेच्या आत.

आपल्या खाजन शेतीतली, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतीतली, मानस आठवा, बांधातलं ते लाकडी दार. भरतीचं पाणी दाबायला लागलं की तिच्या फळ्या आपसूक मिटतात, ओहोटीला उघडतात आणि शेतातलं पाणी नदीत जातं. पाण्याला वाट एकाच दिशेची. १९०४ मध्ये जॉन अ‍ॅम्ब्रोझ फ्लेमिंग यांनी विजेसाठी अशीच नळी बनवली आणि तिला व्हॉल्व्ह, म्हणजे झडप, हेच नाव दिलं. नळीतली हवा काढून टाकलेली. मधोमध कॅथोड, त्याच्यापासून थोडं अंतर राखून धातूची प्लेट. पुढच्या काळातल्या व्हॉल्व्हमध्ये कॅथोडला बेरियम-स्ट्रॉन्शियमच्या ऑक्साइडचा लेप असतो. हीटरनं तो मंद लाल तापला की त्यातून इलेक्ट्रॉन सुटतात आणि धन प्लेटकडे ओढले जातात. प्लेट थंड असल्यामुळे उलटा प्रवास होत नाही.

१९०६ मध्ये ली डी फॉरेस्टनं या नळीत तिसरा भाग घातला आणि मानशीच्या फळ्या जणू आपल्या हातात आल्या. हा भाग म्हणजे ग्रिड, पुढच्या काळातल्या व्हॉल्व्हमध्ये कॅथोडभोवती गुंडाळलेली बारीक तार.

आता माझ्या सर्वांत आवडीची गोष्ट. कॅथोडमधून सुटलेले सगळे इलेक्ट्रॉन लगेच प्लेट गाठत नाहीत. कॅथोडभोवती त्यांचा ढग साचतो, आणि तो ऋणभारित ढग मागून येणाऱ्यांना परत लोटतो. प्लेटकडे किती जण निसटतील हे ढगाच्या काठावर ठरतं, आणि ग्रिड उभी असते ती या काठाच्या अगदी जवळ. प्लेट बिचारी लांब, शिवाय ग्रिडच्या तारांआड. तिची ओढ वेढ्यांमधल्या फटींतून जेवढी झिरपेल तेवढीच ढगापर्यंत पोचते. म्हणून ग्रिडवरचा एक व्होल्ट प्लेटवरच्या कितीतरी व्होल्टना भारी पडतो: ईसीसी ८२ मध्ये सुमारे १७, ईसीसी ८१ मध्ये ६०, ईसीसी ८३ मध्ये १००. या आकड्याला म्यू म्हणतात. तो ठरतो तारेच्या जाडीवर, वेढ्यांमधल्या फटीवर, ग्रिड आणि प्लेट कॅथोडपासून किती दूर आहेत त्यावर. निव्वळ भूमिती आहे ही. नळी बंगळुरूत भारत इलेक्ट्रॉनिक्सनं बनवली की रशियात, याची त्या फटींना खबरही नसते.

मात्र म्यू पूर्णपणे आपल्या हाती लागत नाही. व्हॉल्व्हला स्वतःचा आतला रोध असतो आणि वाढलेलं व्होल्टेज तो रोध व सर्किटमधला प्लेटचा रोध यांच्यात वाटलं जातं. माझ्या सर्किटमध्ये प्लेटला २२ हजार ओहम आहेत. कंपन्यांच्या तक्त्यांतले २५० व्होल्टचे आकडे धरले तर ईसीसी ८२ चा आतला रोध ७,७०० ओहम, म्हणून वाढ जेमतेम साडेबारापट. ईसीसी ८१ चा १०,९०० ओहम, म्हणून ४० पट. ईसीसी ८३ चा म्यू सर्वांत मोठा, पण रोध ६२,५०० ओहम, म्हणून तिथे २६ पटच! साडेबारावरून चाळीसवर जाणं म्हणजे १० डेसिबलची वाढ, कानाला जवळजवळ दुप्पट मोठा आवाज. मित्रानं व्हॉल्यूमचं बटण हलवलंच नव्हतं. आवाज मोठा झाला की कानाला खर्ज आणि टीप दोन्ही अधिक भरून ऐकू येतात. "मोकळा" म्हणजे तेच.

दुसरी गोष्ट नादाची. ढगाच्या नियमानुसार (चाइल्ड आणि लँगम्यूर यांचा) व्होल्टेज दुप्पट केलं की प्रवाह दुप्पट होत नाही, २.८३ पट होतो. आलेख वाकडा, म्हणून सुराचा आकार किंचित बदलतो आणि त्यात मुख्यतः दुप्पट कंपनसंख्येची भर पडते. सा लावला तर वरचा सा मिसळतो. तंबोऱ्यात तो आधीच असतो, म्हणून कानाला खुपत नाही. लोक ज्याला ऊब म्हणतात तिचा मोठा भाग हा आहे. एकावेळी बरीच वाद्यं वाजत असली तर मात्र याच वाकडेपणातून कंपनसंख्यांच्या बेरजा-वजाबाक्या होऊन परके सूरही उगवतात.

त्यामुळे दोन व्हॉल्व्हची तुलना करायची तर आधी आवाज जुळवलाच पाहिजे, ०.१ डेसिबलच्या आत, म्हणजे व्होल्टेजमध्ये सुमारे १.२ टक्क्यांच्या आत. साधा मल्टिमीटर ५० हर्ट्झच्या विजेसाठी घडवलेला असतो, म्हणून मोजायला दोन-तीनशे हर्ट्झचा सूर घ्यावा. व्हॉल्व्ह बदलून तापेपर्यंत कानाची आठवण विरते. त्यासाठी मी हुबेहूब दुसरा बोर्ड जोडला आणि मध्ये स्विच घातला. अ‍ॅम्प्लिफायर बंद केल्यावरही कॅपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, जीवघेणं व्होल्टेज राहतं. ते उतरलं आहे हे मोजल्याशिवाय आत हात घालू नका, आणि पावसाळ्यातल्या ओल्या हातानं तर मुळीच नको.

सोन्याच्या पिनांनी सूर सोनेरी होतो, नळी द्रव नायट्रोजनमध्ये बुडवली की "खुलते", असल्या जाहिराती सर्रास दिसतात. त्यांवर पैसे घालवू नयेत. सोनं गंजत नाही एवढाच त्याचा गुण, आणि आपल्या खाऱ्या दमट हवेत तो खरोखर उपयोगी आहे. माझ्या साध्या पिनांवर दर पावसाळ्यात काळपट थर चढतो आणि खरखर सुरू होते. जुना व्हॉल्व्ह घेताना काचेच्या आतला चंदेरी डाग बघा. तो बेरियमचा असतो, उरलीसुरली हवा शोषण्यासाठी. पांढरा पडला असेल तर आत हवा शिरली आहे, नळी संपली.

चाचणीसाठी आम्ही केसरबाई केरकरांच्या जुन्या ध्वनिमुद्रिका लावल्या. फोंड्याजवळच्या केरीत जन्मलेल्या केसरबाईंची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात गेली, आणि त्या यानांकडून पृथ्वीकडे येणारा एक्स बँड या रेडिओ-पट्ट्यातला संदेशही एक निर्वात नळीच वाढवते. दोन वेगळ्या कंपन्यांचे ईसीसी ८२, आवाज जुळवलेला, मित्राचे डोळे बंद. कोणता व्हॉल्व्ह वाजतोय हे नुसत्या अंदाजानं सांगितलं, तर १६ वेळांपैकी किमान १२ वेळा बरोबर येण्याची शक्यता चार टक्क्यांहून कमी. तो १२ पर्यंत पोचला नाही.

खोक्यातला एकच ईसीसी ८२ त्यानं दर वेळी ओळखला. त्याच्यावर पेन्सिलीनं टिचकी मारली की हेडफोनमध्ये घंटेसारखा नाद घुमायचा, आणि मी मेजावर कोपर टेकला तरी तोच. आतली ग्रिड सैल झाली होती. हादऱ्यानं ती केसाच्या अंशाइतकी कॅथोडजवळ जायची, लांब व्हायची, आणि तेवढ्यानं ढगातून निसटणाऱ्या इलेक्ट्रॉनांची संख्या तिच्या तालावर कमी-जास्त व्हायची.