टचस्क्रीन लॅपटॉप घेतला की टॅबलेट लागत नाही?

स्क्रीन पूर्ण मागे वळणारा लॅपटॉप घ्या, टॅबलेटचे पैसे वाचतील, असा सल्ला २०१२ मध्ये लेनोवो योगा हा असा लॅपटॉप आणि टचसाठी बनवलेलं विंडोज ८ आल्यापासून सर्रास दिला जातो. तो अर्धाच खरा आहे.

अडचण वजनाची. साधारण टॅबलेट अर्ध्या किलोच्या आसपास असतो, तर असे बहुतेक लॅपटॉप सव्वा किलोच्या पुढे. कीबोर्ड मागे दुमडला की आपोआप बंद होतो, पण त्याचं वजन हातातच राहतं. पलंगावर पडून तासभर वाचून पाहा, मनगट बोलू लागेल. शिवाय टच स्क्रीन बहुधा चकचकीत असते, उजेडात प्रतिबिंब दिसतं, आणि टचचा थर थोडी बॅटरीही खातो.

तरीही मला हे यंत्र मनापासून आवडतं, ते स्क्रीनवर लिहायच्या पेनासाठी. गणितं सोडवणं, आकृत्या काढणं, पीडीएफवर खुणा करणं, ही कामं टेबलावर सपाट ठेवून फार सुरेख होतात. मात्र टच आहे म्हणजे पेन चालेलच, असं नाही. दाब ओळखणाऱ्या पेनाला स्क्रीनमध्ये वेगळी सोय लागते. खरेदीपूर्वी नेमकं हेच विचारा आणि दुकानात स्क्रीनवर तळहात टेकवून दोन ओळी लिहून बघा.