मृत्यूच्या कारणांतला क्रमांक आणि आत्महत्येचा दर

पाश्चात्त्य देशांतील तरुणांवरचे आपल्याकडचे कितीतरी लेख एकाच विधानावर उभे असतात: तिकडे तरुणांच्या मृत्यूच्या कारणांत आत्महत्येचा क्रमांक पहिला किंवा दुसरा आहे. विधान खोटे नाही. मात्र तरुणच सर्वाधिक आत्महत्या करतात आणि मोडकळीस आलेली कुटुंबव्यवस्था हेच त्याचे कारण, हा जो निष्कर्ष लगेच काढला जातो, तो त्या विधानातून निघत नाही.

दर कोणालाही समजतो: त्या वयाच्या लाख लोकांमागे वर्षाला किती आत्महत्या झाल्या. क्रमांक ठरतो तो मृत्यूच्या इतर कारणांच्या तुलनेत. विशीतल्या माणसाला हृदयविकार, पक्षाघात किंवा कर्करोग क्वचितच गाठतो, आणि लसी व प्रतिजैविके आल्यापासून या देशांत साथीच्या रोगांनी तरुण दगावणेही विरळ झाले. मग यादीत ठळकपणे उरतात ते अपघात, खून आणि आत्महत्या. उद्या रस्ते अधिक सुरक्षित झाले, तर एकही आत्महत्या न वाढता तिचा क्रमांक वर सरकू शकेल. उलट म्हातारपणी इतर कारणांची एवढी गर्दी असते की आत्महत्या यादीत दिसेनाशी होते. अमेरिकेत २०२१ साली १५ ते २४ वयोगटातील दर लाखामागे सुमारे १५ होता आणि पंच्याऐंशीच्या पुढच्यांचा २२ हून अधिक. तरीही वृद्धांच्या मृत्यूच्या पहिल्या दहा कारणांत आत्महत्या नव्हती.

दोन देशांची तुलना करताना तर क्रमांक सरळसरळ फसवतो. २० ते ३४ वयोगटात इंग्लंड-वेल्समध्ये आत्महत्या पहिल्या क्रमांकावर आहे, तर अमेरिकेत २०२१ साली ती दुसऱ्या क्रमांकावर होती. प्रत्यक्षात या वयाचा अमेरिकेतील दर बराच जास्त आहे. तिथे अपघाती मृत्यूच, ज्यांत अमली पदार्थांच्या अतिसेवनाचे मृत्यूही मोजले जातात, इतके होतात की आत्महत्या मागे पडते. क्रमांकावरून समाजाच्या नीतिमत्तेचे निदान करणाऱ्यांनी यावर काय म्हणायचे ते ठरवावे.

चिंता करायची तर दराची करावी. अमेरिकेत १० ते २४ वयोगटाचा दर २००७ साली ६.८ होता, तो २०१८ साली १०.७ झाला. ही वाढ महासाथीच्या आधीची आहे, त्यामुळे सगळे खापर टाळेबंदीवर फोडणारी मांडणीही मला मान्य नाही.

मनातले विचार आणि मृत्यू यांची गल्लत त्यामानाने किरकोळ आहे. २०२१ च्या पाहणीत अमेरिकेतील माध्यमिक शाळांतल्या २२ टक्के विद्यार्थ्यांनी आधीच्या वर्षभरात आत्महत्येचा गंभीरपणे विचार केल्याचे सांगितले. मुलींत हे प्रमाण मुलांच्या दुपटीहून अधिक होते, तर आत्महत्येने होणाऱ्या मृत्यूंचा दर पुरुषांत स्त्रियांच्या जवळपास चौपट असतो. असे विचार येणाऱ्यांपैकी बहुतेक जण त्यातून बाहेर पडतात, आणि कोणाशी तरी बोलल्याने मदत होते; आपल्याकडे त्यासाठी टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक आहे.