म्यानातलं लाकूड, खोळीतली पट्टी

विदर्भातल्या खेड्यांत लोहाराकडून ट्रकच्या कमानपाट्याची सुरी घडवून घेतली, की पुढचा प्रश्न तिच्या म्यानाचा येतो. या म्यानांनी आजवर जे हात कापले, त्या चुकीचं मूळ मला बरंचसं 'म्यान' या शब्दातच दिसतं.

शब्द फारसीतून आला आणि तलवारीसोबत रुळला. तलवारीचं म्यान म्हणजे आतून कोरून जोडलेल्या लाकडाच्या दोन पातळ फळ्या. वरून चामडं किंवा मखमल, टोकाला धातूची टोपी. धार राहायची लाकडात, चामड्याशी तिची गाठच पडत नव्हती. शेतातल्या हत्याराला मात्र म्यान नसायचं. विळा वळचणीला खोचलेला, कुऱ्हाड खांद्यावर, सुरी फडक्यात गुंडाळलेली. पुढे सुरीलाही चामड्याचं घर हवंसं झालं, तेव्हा डोळ्यांसमोर तलवारच होती. तिचं रूप उचललं आणि आतलं लाकूड राहून गेलं. चामडं दुमडलं, एका अंगानं टाके घातले, झालं म्यान.

अशा म्यानात धार थेट टाक्यांवर टेकते. संत्र्याच्या बागेत सल, म्हणजे वाळलेल्या काड्या, काढताना सुरी दिवसभर आत-बाहेर होते आणि आतल्या बाजूनं एकेक टाका कापला जातो. बाहेरून शिवण शाबूत दिसते. मग एक दिवस माणूस डाव्या मुठीत म्यान घट्ट धरतो, उजव्या हातानं सुरी ओढतो, आणि पातं उसवलेल्या शिवणीतून बाहेर येऊन त्याच मुठीच्या बोटांवर उतरतं. दोष माणसाच्या हलगर्जीपणाला दिला जातो. तो शिवणीचा असतो.

म्हणून मी 'खोळ' म्हणतो, आणि खोळीत मधली पट्टी असलीच पाहिजे असा माझा आग्रह आहे. दोन पदरांच्या मध्ये, धारेच्या बाजूनं, त्याच चामड्याची पट्टी बसवायची. जाडी पात्याच्या पाठीइतकी किंवा थोडी जास्त. धार पट्टीवर टेकते, टाके पट्टीच्या बाहेरच्या कडेनं जातात. हरवलेल्या लाकडाचं काम ही पट्टी करते. ती टोकापर्यंत, वळण घेऊन न्यायची. तिथेच कंटाळा केला जातो, आणि खोळीसकट खाली वाकताना टोक तिथूनच मांडीत घुसतं. टाकाही बदलायला हवा. खाच असलेल्या आरीनं एकाच दोऱ्याचे फास ओढत घातलेला टाका एका जागी कापला की सरकत उसवतो. मेण लावलेल्या दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया घेऊन एकाच भोकातून समोरासमोर टाका घातला, तर एक बाजू तुटली तरी दुसरी धरून ठेवते.

शब्दाचा आणखी एक जाच आहे. शस्त्र नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू हत्यारांच्या वर्गात मोडतात. मात्र घरकामासाठी, शेतीसाठी बनवलेले त्यातून वगळले आहेत. शेतीच्या सुरीला तलवारीसारखं टोपीदार म्यान चढवलं, की बघणाऱ्याच्या मनात उगीच शंका येते. खोळ साधी असावी, ती यासाठीही.

आता चामडं. जुन्या गावगाड्यात मेलेलं जनावर ओढायचं काम एका जातीवर लादलेलं, कातडं कमवायचं दुसरीवर, शिवायचं तिसरीवर. बाभळीची साल आणि हिरडा यांत मुरवलेल्या त्या कातड्याच्या मोटा व्हायच्या, चपला व्हायच्या. १९३० च्या दशकात वर्ध्याजवळ नालवाडीला चर्मालय उभं राहिलं. आपोआप मेलेल्या जनावरांचंच कातडं सुधारलेल्या पद्धतीनं कमवायचं, असा तिथला विचार होता. ऑक्टोबर १९५६ मध्ये नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि ज्यांच्यावर जनावरं ओढणं लादलं होतं त्यांनी ते गावोगाव नाकारलं. चामड्याच्या टंचाईचं खापर त्यांच्यावर फोडणारे अजून भेटतात. ते साफ चूक आहे. ते काम कुणाच्या माथी मारायचंच नव्हतं. विहिरींवर पंप बसले, मोटा गेल्या, आणि जाड कातड्याचं गावातलं मोठं गिऱ्हाईकच संपलं.

मग क्रोमचं, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांत कमावलेलं, चामडं आलं. सालीत मुरायला आठवडे लागतात, क्रोमचं काम एखाद-दोन दिवसांत होतं. चपलेच्या वरच्या पट्ट्यांना ते ठीक आहे. खोळीला नाही. ते मऊ पडतं, भिजवून दिलेला आकार धरत नाही आणि त्यातले क्षार पोलादाला गंज आणतात. दुकानात 'शुद्ध चामडं' म्हणतात, पण ते कशात कमावलं हे त्यातून कळत नाही. मार्च २०१५ पासून राज्यात गायीबरोबर बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली. म्हशीचं कातडं त्यात येत नाही, आपोआप मेलेल्या जनावराचंही नाही. तरी कातडं नेणाऱ्याला वाटेत अडवलं जाण्याची धास्ती आहेच. परिणामी कुणी रेक्झिन शिवतं, कुणी पीव्हीसी पाइप तापवून चपटा करतं.

सालीत कमावलेला म्हशीच्या कातड्याचा तुकडा मिळालाच तर तो कोमट पाण्यात भिजवावा, सुरी पातळ प्लास्टिकमध्ये गुंडाळून आत घालावी, पात्याच्या कडेनं बोटांनी दाबत आकार उठवावा आणि सुरी काढून सावलीत वाळू द्यावं. टोकाशी पाणी निथळायला बारीक भोक ठेवावं. सालीचं चामडंही ओल धरतं, म्हणून शेतातून घरी आल्यावर सुरी पुसून वेगळी ठेवावी आणि खोळ रिकामी टांगावी.