चीना नदी राज्य मनोरंजन क्षेत्र

अलास्का (अमेरिका) राज्यातील नदीकाठचे संरक्षित वनक्षेत्र. ते फेअरबँक्स शहराच्या पूर्वेस, ६५° उत्तर अक्षांशाच्या आसपास असून त्याचे क्षेत्रफळ सुमारे १,०२८ चौ. किमी. आहे. ‘चीना’ हे नाव तेथील मूळ रहिवाशांच्या अथाबास्कन भाषासमूहातून आलेले आहे; चीन देशाशी त्याचा संबंध नाही. ही नदी फेअरबँक्सजवळ टॅननॉ नदीस आणि टॅननॉ पुढे यूकॉन नदीला मिळते. १९६७ मध्ये हे क्षेत्र स्थापन झाले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये चीनाच्या महापुराने फेअरबँक्स शहर पाण्याखाली गेले होते. क्षेत्रातून चीना हॉट स्प्रिंग्ज हा एकच मोठा रस्ता जातो. त्यावरील २६ ते ५१ या मैलदगडांच्या दरम्यान हे क्षेत्र पसरलेले असून, इथली पायवाट असो वा तळ, ठिकाण मैलाच्या आकड्यानेच सांगण्याची पद्धत आहे.

येथील पदभ्रमणाचे मुख्य आकर्षण म्हणजे ‘टॉर’ नावाचे ग्रॅनाइटचे सुळके. कोट्यवधी वर्षांपूर्वी भूपृष्ठाकडे चढणारा शिलारस पृष्ठभागापर्यंत न पोहोचता जमिनीखालीच थिजला; वरचे मऊ थर पुढे झिजून गेले आणि हा कठीण कातळ उघडा पडला. भेगांत शिरलेले पाणी गोठून फुगत राहिल्याने त्याचे उभे-आडवे तुकडे झाले. हिमयुगातही या टेकड्यांवरून मोठ्या हिमनद्या फिरल्या नाहीत. फिरल्या असत्या, तर हे सुळके उभे राहिलेच नसते. सुमारे २४ किमी.ची ग्रॅनाइट टॉर्स वाट ३९.५ व्या मैलावरून निघून या सुळक्यांना वळसा घालून परत येते. ज्यांना दिवसभर चालायचे नाही, त्यांच्यासाठी एंजल रॉक्सची साधारण साडेपाच किमी.ची फेरी पुरेशी आहे. चीना डोमची वाट मात्र जवळजवळ ४७ किमी.ची असून ती १,३४८ मी. उंचीच्या माथ्यावरून जाते आणि सहसा मुक्काम करतच पुरी केली जाते.

डोंगरांची उंची फार नसली, तरी चाल सोपी नाही, आणि त्याचे कारण पाणी आहे. सखल भागात अनेक ठिकाणी जमीन खाली कायम गोठलेली असल्याने वितळलेले पाणी मुरत नाही. वर शेवाळाची दलदल साचते आणि तीत गवताचे डुगडुगणारे गड्डे उगवतात. गड्ड्यावर पाय ठेवला तर तो कलतो, दोन गड्ड्यांमध्ये ठेवला तर बूट घोट्यापर्यंत बुडतो. ग्रॅनाइट टॉर्सच्या वाटेवर म्हणूनच आरंभी फळ्या टाकलेल्या आहेत. झाडोऱ्याची हद्द ओलांडून धारेवर आल्यावर नेमके उलटे होते: तिथे वाट कोरडी आणि खडकाळ असते, पण भरवशाचा पाणवठा नसतो. पाणी खालूनच वाहून न्यावे लागते. ओढ्याचे असेल तर गाळून किंवा उकळून प्यावे लागते.

तंबूसाठी रोझहिप (२७ वा मैल) आणि ग्रॅनाइट टॉर्स हे रस्त्यालगतचे तळ सोयीचे आहेत. पुष्कळ लोक नदीपात्रातील गोट्यांच्या पुळणीवर राहणे पसंत करतात. तिथे वारा असल्याने डासांचा त्रास कमी होतो, पण वरच्या अंगाला पाऊस झाला तर पात्र चढते, हे ध्यानात ठेवावे लागते. जूनमध्ये सूर्य २१ तासांहून अधिक काळ क्षितिजावर असतो आणि उरलेल्या वेळी संधिप्रकाश राहतो. अंधार पडून चालणे थांबेल ही सवय इथे कामाची नाही. थकवा कळेपर्यंत मध्यरात्र उलटलेली असते. काळी व तपकिरी अशी दोन्ही जातींची अस्वले या भागात आहेत, म्हणून अन्न तंबूत ठेवत नाहीत. पिल्लू असलेली मूस या मोठ्या हरणाची मादीही तितकीच टाळण्याजोगी. नदीत ग्रेलिंग मासा मिळतो, पण तो बहुतांशी पकडून परत सोडण्याचा नियम आहे. उन्हाळ्यात वीज पडून वणवे लागतात. २०२१ मधील मन्सन क्रीकचा वणवा अशाच प्रकारे लागला होता.

हिवाळ्यात तंबूंची जागा आगाऊ नोंदवून भाड्याने मिळणाऱ्या लाकडी खोपी घेतात. एंजल क्रीक, कोलोरॅडो क्रीक इत्यादी ठिकाणच्या या खोपींत लाकडाची शेगडी असते, वीज नसते. स्की, श्वानगाडी किंवा बर्फावरची मोटारगाडी यांनी तिथे पोहोचता येते. तापमान कधी −४० अंशांपर्यंत उतरते, तरीही ओढ्यांचे पाणी थांबत नाही: खालून दाबलेले पाणी बर्फाला तडा देऊन वर येते आणि भुसभुशीत हिमाखाली दडून राहते. याला तिथे ‘ओव्हरफ्लो’ म्हणतात. वरून ते ओळखू येत नाही, आणि त्यात भिजलेला बूट काही मिनिटांतच कडक होतो.