कथा-कादंबरीतील पात्रचित्रण

गोष्टीतली माणसे कशी आहेत हे वाचकाला कळावे म्हणून लेखक जे जे करतो, त्याला पात्रचित्रण म्हणतात. स्वभावचित्रण, व्यक्तिरेखाटन हे शब्दही याच अर्थाने वापरले जातात. कागदावरच्या माणसाला प्रत्यक्ष भेटता येत नाही. त्याच्याविषयी आपल्याला जे कळते ते कुणाच्या तरी सांगण्यातून कळते : निवेदकाच्या, दुसऱ्या पात्राच्या, नाहीतर त्याच्या स्वतःच्या. म्हणून वाचताना ‘हे कोण सांगतंय?’ हा प्रश्न सतत मनात ठेवावा लागतो.

सर्वांत सरळ रीत म्हणजे स्वभाव सांगूनच टाकणे. ‘काका फार चिकट होते’ एवढे लिहिले की काम झाले. हे प्रत्यक्ष चित्रण. आता हे वाक्य पाहा : ‘पाहुणे चहाला नको म्हणताच काका “बरं” म्हणाले आणि त्यांनी गॅस बंद केला.’ इथे चिकट हा शब्द कुठेच नाही. पण पाहुणा आधी नकोच म्हणतो आणि यजमानाने आग्रह करायचा असतो, ही आपल्याकडची रीत ज्याला ठाऊक आहे त्याला काका लगेच कळतात. हे अप्रत्यक्ष चित्रण. ते वाचकाच्या अनुभवावर विसंबून असते, आणि त्या रीतीशी अनोळखी असलेल्या वाचकाला काका कदाचित समजूतदारही वाटतील.

अप्रत्यक्ष चित्रणच खरे, असे पुष्कळदा सांगितले जाते. ते अर्धेच बरोबर आहे. ‘एक होता राजा, तो फार लोभी होता’ अशी सुरुवात केली की लोककथेला लगेच पुढे पळता येते. दोन पानांच्या गोष्टीत प्रत्येकाचा स्वभाव प्रसंगातून दाखवायचा म्हटले, तर गोष्ट सुरू तरी कधी होणार?

मुख्य पात्राला मात्र प्रसंग लागतात. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली लिहिलेल्या ‘श्यामची आई’त याची चांगली उदाहरणे सापडतात. आंघोळ झाल्यावर तळव्यांना माती लागू नये म्हणून हट्ट धरणाऱ्या श्यामसाठी आई आपले नेसूचे वस्त्र दगडावर पसरते. पायाला घाण लागू नये म्हणून जपतोस तसे मनालाही जप, असे ती त्याला सांगते. पोहायला घाबरून लपून बसलेल्या याच श्यामला शिमटीने मारत विहिरीकडे धाडणारीही तीच, आणि नंतर जवळ घेणारीही तीच. ‘आई प्रेमळ होती’ या वाक्यात हे दोन्ही प्रसंग मावत नाहीत. ती लाड करते तशीच कठोरही होते, आणि दोन्हींमागचे कारण वाचकाने स्वतः शोधायचे असते.

बोलण्यातून स्वभाव उघडा करण्याची मराठीत फार मोठी सोय आहे. तू, तुम्ही आणि आपण यांपैकी कोणता शब्द कोण कुणाला वापरतो, एवढ्यावरून घरातली माणसे कळू शकतात. आजीच्या वयाच्या भाजीवालीला ‘ए, तू नीट तोल’ म्हणणारा आणि साहेब समोर येताच ‘आपण बसावं’ म्हणणारा माणूस एकच असेल, तर लेखकाने त्याच्याविषयी आणखी एक शब्दही लिहिण्याची गरज नाही. रोज ‘अहो’ म्हणणारी बायको भांडणात एकदम ‘तू’वर आली, की वाचक सावध होतो. वऱ्हाडी, मालवणी, अहिराणी या बोलींमुळे पात्राचा मुलूख कळतो. पण बोली म्हणजे स्वभाव नव्हे. गावाकडची बोली बोलणारा तो भोळा, हा ठोकळा आळशी लेखकच वापरतात.

पात्र जेव्हा स्वतःच निवेदक असते तेव्हा खरी गंमत येते. हरिभाऊ आपटे यांनी १८९० मध्ये सुरू झालेल्या आपल्या ‘करमणूक’ साप्ताहिकातून क्रमशः छापलेल्या ‘पण लक्षात कोण घेतो?’ या कादंबरीत यमुना आपली हकीकत स्वतः सांगते. लहानपणी घरात जे घडते त्या सगळ्याचा अर्थ तिला तेव्हा लागलेला नसतो. वाचकाला तो लागतो, आणि तिच्या आईचे दुःख त्या फटीतून दिसते. चिं. वि. जोशींचा चिमणराव याच्या उलट, हसवणारा. तो आपल्या फजितीच्या कथा इतक्या गंभीरपणे सांगतो की त्याचा भाबडेपणा त्याच्याच शब्दांतून बाहेर पडतो. सोबतीला सोटा घेतलेला दांडगा गुंड्याभाऊ असला की चिमणराव आणखी किरकोळ भासतो. दोन विरुद्ध माणसे शेजारी उभी करणे, हाही चित्रणाचाच भाग आहे.

इतर पात्रांची मते जपून घ्यावीत. शेजारीण सांगते की नवी सून घमेंडखोर आहे. ते खरे असेल, किंवा शेजारणीचा मत्सर त्यातून दिसत असेल. दिसणे, कपडे, खोलीतल्या वस्तू यांनाही हेच लागू पडते. जुन्या गोष्टींत खलनायकाचे डोळे हटकून घारे आणि नाक वाकडे असे. आज अशी खूण लावलेली पाहून वाचकालाच लेखकाचा संशय येतो.

इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ मध्ये पात्रांचे दोन प्रकार सांगितले : सपाट आणि गोल. सपाट पात्र एकाच गुणावर उभे असते आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तसेच राहते. गोल पात्र वाचकाला पटेल अशा रीतीने चकित करू शकते. श्यामची आई दुसऱ्या प्रकारातली. सपाट पात्र म्हणजे फसलेले पात्र, असे फॉर्स्टर यांना म्हणायचे नव्हते. ती झटकन ओळखू येतात आणि लक्षात राहतात, असे त्यांनीच नोंदवले आहे. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे हा असाच. किडकिडीत अंग, सायकल, तोंडात ‘ट्टॉक्’ आणि कुठे काही घडले की तिथे हजर. त्याने मध्येच थांबून खोल विचार केला असता, तर चोर निसटले असते आणि वाचकही.